निकानोराला गेलेली टोपली

बेर्मेखो, १५ फेब्रुवारी

प्रिय आई,

आणि दोन्या फिलोमेना, तुम्हीही, कारण हे पत्र आईला वाचून दाखवणार तुम्हीच. एक विनंती आहे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला साखर-तेल काय हवं ते देऊन वाटेला लावा आणि मग वाचा. आन्सेल्मो बाकावर बसलेले असतील तर पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवून द्या. त्यांच्या वहिनीला, दोन्या एदुविखेसला, शोधायला मी निघाले आहे हे त्यांना आजच कळायला नको. की कळलं तरी चालेल? मला ठरवता येत नाही. तुम्हीच ठरवा.

आई, मी सरहद्द ओलांडायच्या बेतात आहे. पाठीवर सॅक, हातात टोपली. तारिखाच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ताई, टोपली टपावर टाकू?" मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "मग तिचंही तिकीट काढा, बसलीय तर ऐटीत." सगळे हसले. मी टोपली मांडीवर घेतली. कागदाच्या झिरमिळ्या थोड्या चुरगळल्या आहेत, पण तू भाजलेली साखरेची गोल कडी शाबूत आहेत. चीजलाही अजून वास आलेला नाही. फुलं आणि फळं शेवटच्या दिवशी ताजी घेईन.

वाटेत मी तोंडातल्या तोंडात घोकत असते. चुकतंय का बघ. मी म्हणणार आहे: "दोन्या एदुविखेस, मी सातुर्निनाची मुलगी मेलानिया. कोमाद्रेंच्या गुरुवारची ही टोपली आईनं तुमच्यासाठी पाठवली आहे. ओढ्याकाठचं मोयेचं झाड तुमचं आणि त्यावर चढलेली द्राक्षवेल आमची, असं दोघींच्या आज्यांच्या वेळेपासून चालत आलं आहे. तुमचे दीर म्हणतात, ईस्टरच्या आधी झाड तोडणार. झाड पडलं की वेलही गेली, एवढी जुनी वेल दुसऱ्या झाडावर चढत नाही. तुमच्या तोंडचा एक 'नको' मिळाला तर ते कुऱ्हाड खाली ठेवतील."

बरोबर आहे ना? की आधी तब्येत विचारू?

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही, आणि निघताना तू उत्तर दिलं नाहीस. एकीनं टोपली दिली की दोघी कोमाद्रे, म्हणजे मानलेल्या सख्या, होतात आणि पुढच्या वर्षी दुसरीनं परत करायची, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी तू दिलीस. ती परत न करताच निघून गेली असं तूच म्हणालीस. मग देणं तिच्याकडे आहे. आपण पुन्हा का पाठवतो आहोत? मी विचारलं तर तू म्हणालीस, "गाठ घट्ट बांध."

होडीच्या धक्क्यावर फळं तपासतात. वेलीवरचा जो पहिला पिकलेला घड तू टोपलीच्या तळाशी ठेवला होतास तो शिपायानं बाहेर काढला. म्हणाला, "पलीकडे नेता येत नाही, कीड जाते. इथंच खा नाहीतर नदीत टाक." मी म्हटलं, हा दुसऱ्याचा आहे. तो म्हणाला, "मग दुसऱ्याला बोलव." मागे रांग होती. नदीत टाकायला जीव होईना. मी तिथं उभ्या उभ्या सगळा घड खाल्ला, बियांसकट. गोड होता. हे बरं केलं की वाईट, याचा विचार करत मी आत्ता बसले आहे.

तुझी मेलानिया

काफायाते, १८ फेब्रुवारी

प्रिय आई,

साल्त्याहून बसनं आले. लाल डोंगरांमधून रस्ता येतो. आपल्या सिंतीच्या डोंगरांसारखेच आहेत, फक्त कोणीतरी धुऊन काढल्यासारखे. बसमध्ये पाठीवर सॅक घेतलेल्या दोन गोऱ्या मुली होत्या. त्यांनी मलाही त्यांच्यातलीच समजून खुणेनं विचारलं, कुठल्या कुठल्या वाइनच्या कोठारात जाणार? मग टोपली बघून एकीनं पैसे काढले. विकायची नाही हे खुणेनं कसं सांगतात? मी टोपली छातीशी धरली. त्यांनी माझा फोटो काढला. आता मी कोणाच्या तरी घरात टोपलीला मिठी मारून उभी असेन.

काफायाते म्हणजे सगळीकडे द्राक्षं. पण जमिनीवर, आई. ओळीनं, तारांवर, सगळ्या वेली माणसाच्या छातीइतक्या उंच. शिडी नाही, कोणी वर चढत नाही. मी एका बाईला विचारलं, झाडावर वेल चढवत नाही का? ती म्हणाली, "झाडावर? मग काढायला माकडं ठेवता का?" मी हसले. मग वाईट वाटलं, कारण तू चढतेस.

गेल्या सुगीला इकडून परत आलेले लोक म्हणाले होते की दोन्या एदुविखेस सान कार्लोसला आहे. उद्या गुरुवार. तिथली बस सकाळी सुटते. वेळेवर पोचेन असं वाटतं. रात्री ज्यांच्याकडे उतरले त्या बाईंनी अंगणातली झेंडूसारखी फुलं तोडू दिली आणि दोन पीच दिले. पैसे घेतले नाहीत. मी तीनदा विचारलं, तेव्हा चिडल्या.

एदुविखेसचा चेहरा मला नीट आठवत नाही, हे मी तुला निघताना सांगितलं नाही. शहरातल्या वसतिगृहातून मी सुट्टीला यायचे तेव्हा ती चुलीशी बसलेली असायची. तिचे हात आठवतात. आवाज आठवतो. चेहरा म्हटलं की तुझाच येतो.

मेलानिया

सान कार्लोस, २० फेब्रुवारी

प्रिय आई,

दोन्या फिलोमेना, इथून पुढे सावकाश वाचा. आणि कोणी हसलं तर त्याला उधारी बंद करा.

काल बस चौकात थांबली तीच मुळी गोंधळात. चौकाच्या मधोमध ओल्या फांद्यांची कमान उभी केलेली होती, तिला चीज आणि गोड पावांच्या माळा लटकत होत्या. दोन्ही बाजूंना बायका रांगेत. ढोल, गाणी, कानावर रानतुळशीच्या डहाळ्या, आणि पीठ. आपल्याकडे गालाला बोट लावतात, इथं मूठ मूठ मारतात. सगळ्यांचे चेहरे पांढरे. मी बसच्या पायरीवर होते तोवरच कोणीतरी मला पीठ फासलं. डोळ्यांत गेलं.

मी ओरडून विचारलं, "सिंतीची बाई कुठे आहे? वेलींची छाटणी करणारी?"

नाव का नाही घेतलं, आई? रात्रभर हाच विचार करते आहे. नाव घेणं उद्धटपणाचं वाटलं असेल. शिवाय सिंतीची बाई म्हणजे एकच असणार असं मला वाटलं. आपल्या खोऱ्यातली निम्मी माणसं इकडे येऊन राहिली आहेत, हे मला माहीत होतं, तरी वाटलं.

हिरव्या टोपीतली एक म्हातारी म्हणाली, "सिंतीची? ही काय तुझ्यासमोर!" आणि तिनं एका बाईला माझ्याकडे ढकललं. पांढरी फटक, फक्त दात दिसत होते. मी म्हटलं, "सातुर्निनाकडून." आणि टोपली दिली.

तिनं ती दोन्ही हातांनी धरली.  मग तिनं टोपली डोक्यावर घेतली, मला कमानीखाली ओढलं, माझ्या कानावर डहाळी खोचली, दोन्ही गालांचे मुके घेतले. कोणीतरी पेला दिला. तिनं पहिला घोट जमिनीला ओतला, दुसरा ती प्यायली, तिसरा मला दिला. मी प्याले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. झालं. कोमाद्रे.

मी घोकलेलं बोलायला सुरुवात केली. मोयेचं झाड, वेल, कुऱ्हाड. ती मान हलवत ऐकत होती, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, किती सोपं होतं! मग ती नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

ती नव्हती, आई. गोल चेहरा, गालावर खळी. तिचं नाव निकानोरा. कामार्गोच्या बाजूची, म्हणजे सिंतीचीच, त्यात म्हातारीचं काही चुकलं नाही.

मी म्हटलं, "तुम्ही एदुविखेस नाही?"

"नाही बाई. पण ते झाडाचं फार वाईट झालं हं."

"मग तुम्ही टोपली घेतलीत कशी?"

"तू दिलीस की." तिला खरंच कळेना. "माझ्या हातात कोणी टोपली दिली तर मी काय विचारणार, पत्ता बरोबर आहे का म्हणून? इथं आले तेव्हापासून मला कोणी पाठवली नव्हती. मला वाटलं, कामार्गोत कोणीतरी सातुर्निना आहे, तिला माझी आठवण झाली."

मी रडायला लागले. मग सगळ्या बायका जमल्या आणि वाद सुरू झाला. एक म्हणाली, टोपली परत घ्या आणि जिची तिला द्या. त्यावर सगळ्या एकदम "हाऽऽ" म्हणाल्या, जणू तिनं चर्चमध्ये शिवी दिली. हिरवी टोपीवाली म्हणाली, "जमिनीला घोट दिलाय. आता परत मागायचं तर जमिनीकडे माग. आणि यंदा गारपीट झाली तर या पोरीला माझ्याकडे पाठवू नका." दुसरीनं विचारलं, "पण ही निकानोरा झाली कोणाची कोमाद्रे? जिनं टोपली भरली तिची, की जिनं हातात दिली तिची?" यावर दोन तट पडले. आधी कडीवरची साखर खाऊन बघा म्हणजे कळेल, असंही एकीनं सुचवलं. मी विनवलं, खाऊ नका. तोवर निम्मी कडी संपली होती. छान झाली होती म्हणतात.

तेव्हा आई, कळवायचं ते असं: तुला एक कोमाद्रे झाली आहे. किंवा मला. ठरलेलं नाही. माझी चूक आहे एवढं ठरलेलं आहे.

दोन्या एदुविखेस इथं नाहीच. ती वर, आंगास्ताकोच्या पलीकडे एका मळ्यावर गेली. निकानोरा तिला ओळखते. "ओळखते म्हणजे काय, ती माझ्याशी बोलत नाही," म्हणाली. का, विचारलं तर, "मी काम करताना गाते. तिला मोजायला शांतता लागते म्हणे. वेली मोजून कोणाचं भलं झालंय?"

मी म्हटलं, मी उद्या एकटी जाईन. निकानोरा म्हणाली, "एकटी कशी? झाड माझ्या कोमाद्रेचं आहे."

वेल, मी म्हटलं. वेल आपली, झाड त्यांचं.

"तेच ते," म्हणाली, आणि गाठोडं बांधायला गेली.

मेलानिया

आंगास्ताको, २२ फेब्रुवारी

प्रिय आई,

बस इथं संपते. पुढे रस्ता आहे, पण बस नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, खाली उतरून तोंड धुतो आणि उद्यापर्यंत त्याला जगाशी काही देणंघेणं नसतं. आज कार्निव्हलचा रविवार, त्यामुळे मळ्यावर कोणी कामाला नाही आणि दोन्या एदुविखेस कुठे असेल कोणाला माहीत नाही. सणाच्या दिवशी ती डोंगरात एकटी चालत जाते असं सांगतात. तेव्हा आम्ही चर्चच्या पायरीवर बसलो आहोत. निकानोरानं मक्याच्या पानात बांधलेल्या उमिता आणल्या आहेत. निम्म्या तिनं बसमध्येच वाटून टाकल्या.

ती तुझ्याबद्दल विचारते. सारखी विचारते. "तुझी आई गोड खाते की तिखट? पुढच्या वर्षी टोपली मला भरायची आहे." मी म्हटलं, गोड. मग वाटलं, मला गोड आवडतं म्हणून तू गोड करतेस. तू काय खातेस, आई? तू नेहमी उभ्यानंच जेवतेस. "रंग कुठला आवडतो?" मला माहीत नाही. "गाते का?" नाही, म्हटलं. मग आठवलं की झाडावर असताना तू काहीतरी म्हणतेस, पण खाली नीट ऐकू येत नाही. "तिला राग कशाचा येतो?" हे मला माहीत होतं. म्हटलं, दोन्या एदुविखेसचं नाव काढलं की.

निकानोरानं आणखी एक उमिता सोलली. "मग तिलाच टोपली का पाठवली गं?"

"झाड वाचवायला."

"झाडासाठी माणूस निरोप पाठवतो," ती म्हणाली. "साखरेची कडी नाही करत बसत."

मी घरातली पहिली शिकलेली. मला मास्तरीणबाई होण्याचा कागद मिळाला आहे, नेमणुकीची वाट बघते आहे. आणि एक परकी बाई मला माझ्या आईबद्दल विचारते तर मला निम्म्याहून जास्त उत्तरं येत नाहीत. दोन्या फिलोमेना, हे ऐकून आईचा चेहरा कसा झाला ते मला कळवा. की नका कळवू.

उद्या-परवा मळ्यावर जाऊ.

मेलानिया

आंगास्ताको, २६ फेब्रुवारी

प्रिय आई,

दोन्या फिलोमेना, हे पत्र दुकानात वाचू नका. दार लावून आमच्या स्वयंपाकघरात वाचा. आणि एका ठिकाणी तुमचंही नाव येणार आहे, तर ते गाळू नका. मी घाबरतच लिहिते आहे.

काल राखेचा बुधवार. मळ्यावर सगळ्यांच्या कपाळाला राख होती, म्हणून सगळ्या सारख्याच दिसल्या आणि पुन्हा कोण कोण ते कळेना. मग ओळखीचा आवाज ऐकला. बाई वाळलेली आहे, उंच, तुझ्याएवढीच. पाखरांपासून द्राक्षं वाचवायला वेलींवर जाळी घालतात, तसली जाळी ती ओढत होती. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, तिनं दगडाखाली दाबलं होतं.

मी घोकलेलं सुरू केलं. "दोन्या एदुविखेस, मी सातुर्निनाची..."

"दिसतंय. कपाळ तिचंच आहे. टोपली कुठाय?"

मी निकानोराकडे बघितलं. निकानोरानं आकाशाकडे बघितलं.

"ऐकलंय मी," एदुविखेस म्हणाली. "आख्ख्या खोऱ्यानं ऐकलंय. सातुर्निना सात वर्षांनी तोंड उघडते, आणि उघडते ते हिच्याशी."

"मग बिघडलं काय!" निकानोरा म्हणाली. "माझ्याशीही कोणीतरी बोललं पाहिजे."

"तू बोलू देतेस कोणाला?"

"घ्या! आता तूच बोललीस की माझ्याशी. किती महिन्यांनी!"

एदुविखेसनं जाळीचं टोक सोडलं. मला वाटलं निघून जाणार. मी घाईघाईनं सांगितलं: आन्सेल्मो, कुऱ्हाड, ईस्टर, तुमचा एक 'नको'.

ती म्हणाली, "आन्सेल्मोला मीच सांगितलंय तोडायला."

 आई, मी एवढ्या बस बदलून, सरहद्द पार करून त्यांना सांगायला गेले होते की तुमचे दीर तुमचं झाड तोडतायत, आणि तो त्यांचाच शब्द होता. मी विचारलं, का?

"सात वर्षं एक शब्द नाही. म्हटलं, झाडाला हात लावून बघू, तोंड उघडते का. उघडलं. चुकीच्या बाईपुढे."

मी म्हणाले, पण तुम्हीच टोपली परत न करता गेलात. मला हे बोलायचं नव्हतं. पण खरं काय ते माहीत असूनही न बोलणं मला खोटेपणाचं वाटलं. आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं, हे त्यानंतर कळलं.

तिनं सांगितलेलं तसंच लिहिते. खोटं असेल तर मला लगेच कळव.

"मी निघाले त्या सकाळी टोपली तुमच्या उंबऱ्यावर ठेवली. भरलेली, सगळी. माझा नवरा त्याआधीच्या हिवाळ्यात वारला होता, घरात काही राहिलं नव्हतं. मुकादम म्हणाला, आजच्या ट्रकमध्ये बसलीस तर काम आहे, उद्या नाही. तुझी आई म्हणाली, सुगी तोंडावर आहे, एवढी वेल उतरवू आणि मग जा. मी म्हटलं, मला थांबता येत नाही. ती आत गेली. मी ट्रकमध्ये बसून उंबऱ्याकडे बघत होते. ट्रक दुपारपर्यंत हललाच नाही, माणसं भरत होते. टोपली तशीच. तुझी आई आत होती, चुलीचा धूर दिसत होता. टोपलीवर कोंबड्या चढल्या. तरी दार उघडलं नाही."

दोन्या फिलोमेना, तुमचं दुकान आमच्या दारासमोर आहे. तुम्ही बघितलं असणार. मी दोष देत नाही. फक्त सात वर्षं आपल्या घरात 'ती परत न करता गेली' असं म्हटलं जात होतं आणि तुम्ही समोर होतात.

आई, मला कळत नाही मी कोणाच्या बाजूची. मी तुझी मुलगी आहे, म्हणून तुझ्या. पण ट्रकमधून उंबऱ्याकडे बघणारी बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आणि दार न उघडणारी तूही जात नाहीस. तुला काय वाटलं असेल तेव्हा, चुलीशी?

  मग एदुविखेसनं विचारलं, "वेल कोण उतरवतं आता?"

"आई."

"ते विचारत नाही. वर ती, हे मला माहीत आहे. खाली घोंगडी कोण धरतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. ती चारी टोकं दोरीनं फांद्यांना बांधते आणि घड त्यात टाकते. कधी कधी दोरी सुटते."

त्यावर एदुविखेस खाली वाकल्या, जाळीवरचा दगड बाजूला केला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"तिला सांग, स्वतः ये," त्या म्हणाल्या. "इथली द्राक्षं काढायला घेऊ त्याच्या आत. आली तर मी आन्सेल्मोला शब्द धाडते. नाही आली तर झाड माझं आहे."

"आमची सुगी तोंडावर आहे," मी म्हटलं.

"हो," एदुविखेस म्हणाल्या. "माझ्याही वेळी होती."

मी म्हणाले, मी जाऊन आईला घेऊन येते, ती तारिखाच्या पुढे कधी आलेली नाही, तिला पाट्या वाचता येत नाहीत. त्या म्हणाल्या, "मलाही येत नाहीत. मी एकटीच आले होते."

मेलानिया

आंगास्ताको, २७ फेब्रुवारी

प्रिय आई,

हे पत्र दोन्या फिलोमेना तुला पाठ होईपर्यंत वाचतील. त्यांनी तेवढं करावं असं मला वाटतं.

तू यावंस असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही नाही. आलीस तर यंदाचे घड वेलीवरच पाखरांना जातील, नाहीतर शेजारणी उतरवतील आणि तुझ्यासारखे उतरवणार नाहीत. नाही आलीस तर यंदाचे घड मिळतील आणि शेवटचे असतील. मी रात्रभर याचा हिशेब केला आणि तो जुळत नाही. तो तुझा आहे. मी फक्त रस्ता सांगते.

तारिखाच्या स्टँडवर पाट्यांकडे बघूच नकोस, मीही चुकले होते. दक्षिणेकडच्या बसेस भिंतीच्या सावलीत उभ्या राहतात. जिच्या टपावर रिकाम्या टोपल्या आणि कोंबड्यांचे पिंजरे चढत असतील ती बेर्मेखोची. कंडक्टरला विचार, आणि त्यानं हो म्हटलं तरी शेजारी बसलेल्या बाईला पुन्हा विचार. रस्ता खाली उतरत जातो, कान दडपतात, ऊस दिसायला लागला की शाल काढ. बेर्मेखोला नदी होडीनं ओलांडायची. फळ बरोबर ठेवू नकोस. शिपाई विचारेल कशासाठी जाता, तर कोमाद्रेला भेटायला म्हण. ते खोटं होणार नाही. कुठली, ते विचारणार नाही.

पलीकडून साल्त्याची मोठी बस. तीत काचा उघडत नाहीत, थंड हवा सोडतात, तेव्हा शाल पुन्हा पांघर. साल्त्याला स्टँड एवढा मोठा आहे की मी तिथं बाकावर बसून रडले, हे मी आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तू रडलीस तरी चालेल, कोणी बघत नाही. झाडूवाल्या बायकांपैकी कोणालाही 'काफायाते' म्हण. हा एक शब्द पाठ कर. उजव्या बाजूच्या खिडकीत बसू नकोस, दुपारचं ऊन तिकडून येतं. काफायातेला बस बदलायची. ती लहान, धुळीची, ड्रायव्हर जाड मिशांचा, गाडी सोडायच्या आधी क्रूसाची खूण करतो. सान कार्लोसला चौक येईल, तिथं उतरू नकोस. निकानोरा आता परत तिथं आहे, ती बसमध्ये चढेल. तू तिला ओळखणार नाहीस, पण ती बसमधल्या सगळ्यांना "सातुर्निना कोण?" असं विचारत येईल. तिनं दिलेलं खा, नाही म्हटलंस तर ती रडेल. ती तुला तुझ्या आवडीचा रंग विचारणार आहे. मलाही ऐकायचा आहे.

मग बस जिथं इंजिन बंद करते तिथं उतर. मी असेन. मी इथंच थांबले आहे, जाळी ओढायला एदुविखेसनी मला रोजावर घेतलं आहे. दुसरं टोक मी धरते. दिवसभर बोलत नाहीत. मी चुकीचं धरलं तर फक्त "सातुर्निनासारखं धर" म्हणतात, आणि ते कसं असतं ते सांगत नाहीत.

आज सकाळी मी विचारलं, "आई आलीच, तर तुम्ही बसपाशी याल? की तिला इथं मळ्यावर घेऊन येऊ?"

त्यांनी ओळीच्या शेवटापर्यंत जाळी नेली, खोचली, परत आल्या.

"बस कधी येते?"

"दुपारी. रोज."

"ती कुठल्या दिवशी येणार?"

"ते नाही सांगता येत. येणार की नाही तेही नाही."

त्यांनी हात झाडले आणि नवी जाळी उचलली. म्हणाल्या, "मग रोज बघावं लागेल."

तुझी,
मेलानिया